लय, स्वरपट्टी आणि भाव : एका पियानोवादनाची दोन ध्वनिमुद्रणे

श्रोते हो, पाश्चात्त्य अभिजात संगीताची एखादी ध्वनिमुद्रिका हाती घेतली, तर तिच्या वेष्टनावर रचनेच्या नावापाठोपाठ दोन गोष्टी बहुधा छापलेल्या आढळतात. एक म्हणजे त्या रचनेची स्वरपट्टी. जी मेजर, सी मायनर अशा नावांनी ती सांगितलेली असते. दुसरी म्हणजे तिची लय. ती अँडांटे, अलेग्रो, अदाजिओ अशा इटालियन शब्दांत दिलेली असते. आपल्याकडील श्रोता या शब्दांपाशी थोडा अडखळतो, आणि मग कोणीतरी त्याच्या हाती एक सोपी किल्ली ठेवतो. मेजर म्हणजे आनंद आणि मायनर म्हणजे दुःख. जलद लय म्हणजे उल्हास आणि संथ लय म्हणजे गांभीर्य. ही किल्ली अगदीच खोटी आहे असे नाही. पुष्कळ रचनांना ती लागू पडते. परंतु ज्या रचना आपण आयुष्यभर पुनःपुन्हा ऐकाव्यात अशा योग्यतेच्या आहेत, त्यांचे दार तिने उघडत नाही. असे का व्हावे, याचा विचार आज एका प्रत्यक्ष उदाहरणाच्या आधारे करावयाचा आहे.

हे उदाहरण मोठे सोयीचे आहे, कारण त्यात रचना एक, वादक एक आणि ध्वनिमुद्रणे मात्र दोन आहेत. रचना योहान सेबास्टियन बाख या जर्मन संगीतकाराची. ती १७४१ साली न्यूरेंबर्ग येथे प्रसिद्ध झाली आणि पुढे ‘गोल्डबर्ग व्हेरिएशन्स’ या नावाने जगभर ओळखली जाऊ लागली. वादक कॅनडाचा ग्लेन गूल्ड. त्याने ही रचना जून १९५५ मध्ये, वयाच्या बाविसाव्या वर्षी, न्यूयॉर्क येथे कोलंबिया कंपनीसाठी मुद्रित केली. ज्या इमारतीत हे मुद्रण झाले ती पूर्वी चर्च होती. पुढे १९६४ साली गूल्डने जाहीर मैफली कायमच्या सोडल्या आणि आपले सारे आयुष्य ध्वनिमुद्रणालाच वाहिले. १९८१ च्या एप्रिल-मे महिन्यांत तो पुन्हा त्याच इमारतीत आला आणि तीच रचना त्याने दुसऱ्यांदा मुद्रित केली. हे दुसरे मुद्रण सप्टेंबर १९८२ मध्ये प्रसिद्ध झाले आणि ४ ऑक्टोबर रोजी, वयाच्या पन्नासाव्या वर्षी, गूल्ड टोरांटो येथे मृत्यू पावला. पहिल्या मुद्रणाचा कालावधी आहे ३८ मिनिटे ३४ सेकंद. दुसऱ्याचा ५१ मिनिटे १८ सेकंद. स्वर तेच, स्वरपट्टी तीच, बोटे त्याच माणसाची. आणि फरक जवळजवळ पावणेतेरा मिनिटांचा! हा फरक कोठून आला आणि त्याने भावात काय पालट झाला, हे पाहू लागलो म्हणजे लय आणि स्वरपट्टी यांचे खरे कार्य ध्यानात येऊ लागते.

प्रथम रचनेचे स्वरूप थोडक्यात सांगतो. आरंभी एक लहानशी, संथ सुरावट आहे. तिला ‘आरिया’ असे म्हटले आहे. तिच्या मागोमाग तीस रूपभेद, म्हणजे व्हेरिएशन्स येतात आणि शेवटी तीच आरिया जशीच्या तशी पुन्हा वाजते. हे रूपभेद वरच्या सुरावटीचे मात्र नाहीत. आरियाच्या तळाशी, डाव्या हाताच्या खर्जात, जी स्वरांची चाल आहे तिच्यावर ही सारी इमारत उभारली आहे. या चालीतील पहिले आठ स्वर आपल्या सरगमीत सांगायचे तर असे : सा नि ध प, ग म प सा. बत्तीस मापांचा हा पाया एकामागून एक तीस वेळा फिरतो आणि त्याच्यावर दर वेळी नवे घर बांधले जाते. कधी नृत्य, कधी एकमेकांचा पाठलाग करणारे दोन आवाज, कधी दोन्ही हातांची चपळ लढत. आपल्याकडे तालाचे आवर्तन फिरत राहते आणि गायक त्यात दर वेळी नवी बढत करतो. ही तुलना फार ताणू नये, कारण बाखच्या आवर्तनाला स्वरसंवादांचीही बांधणी आहे. पण परत परत एकाच ठिकाणी येण्याचा जो आनंद आहे, तो आपल्या श्रोत्याला मुळीच परका वाटणार नाही.

आता स्वरपट्टीकडे वळू. ही रचना जी या स्वरात आहे. हार्मोनियमवर पाहिले तर ती आपली पांढरी पाच. पाश्चात्त्य संगीतातील मोठ्या रचना सामान्यतः प्रवासाला निघतात. त्यांचा षड्ज मध्येच बदलतो, दुसऱ्या स्वराला घर मानून त्या काही काळ तेथे राहतात आणि मग परततात. एकाच रचनेचे वेगवेगळे भागही वेगवेगळ्या पट्ट्यांत असतात. गोल्डबर्गमध्ये मात्र आरंभीच्या आरियापासून अखेरच्या आरियापर्यंत बत्तीसही भागांचे घर एकच आहे. प्रत्येक भाग थोडा इकडेतिकडे फिरून त्याच षड्जाच्या अंगणात येऊन थांबतो. तानपुऱ्याचा षड्ज लावून तास-दीड तास एकच राग ऐकण्याची ज्यांना सवय आहे, त्यांना या रचनेत वाट सापडणे म्हणूनच इतरांपेक्षा सोपे आहे.

या अचल षड्जावर बाख एकच बदल करतो, आणि तोही तीनदाच. पंधरावा, एकविसावा आणि पंचविसावा हे तीन रूपभेद मायनरमध्ये आहेत. षड्ज तोच राहतो. पण शुद्ध गंधाराच्या जागी कोमल गंधार येतो, आणि धैवत-निषादही कोमल होऊ लागतात. दिवसभर उघड्या राहिलेल्या खोलीची खिडकी कोणी लोटून घ्यावी, तसा प्रकाश एकदम मंदावतो. यामुळे मायनर म्हणजे दुःख, असे म्हणावे काय? पंधराव्या रूपभेदाच्या अखेरीस उजव्या हाताचा स्वर एकटाच वर वर चढत जातो आणि उंचावर कोठेतरी थांबतो, तेव्हा तेथे शोकापेक्षा विस्मयच अधिक जाणवतो. उलट मूळ आरिया मेजरमध्ये आहे. पण ती ऐकून कोणी तिला आनंदगीत म्हणणार नाही. तेव्हा कोमल गंधार दुःख निर्माण करतो असे म्हणण्यापेक्षा, तो शुद्ध गंधाराच्या सहवासात आल्यामुळे काहीतरी हरपल्याची जाणीव करून देतो, असे म्हणणे अधिक बरोबर होईल. पहिली चौदा रूपे शुद्ध गंधारात ऐकली नसती, तर पंधराव्याचा कोमल गंधार इतका लागला नसता.

स्वरपट्टी इतकी स्थिर ठेवली, की वैविध्याचा सारा भार लयीवर पडतो. आणि नेमक्या याच बाबतीत बाखने वादकाला जवळजवळ मोकळे सोडले आहे. १७४१ च्या छापील प्रतीत लयीचा निर्देश अगदी मोजक्या ठिकाणी आढळतो. म्हणून प्रत्येक वादकाला आपली लय आपणच शोधावी लागते. बाविशीतल्या गूल्डने ती कशी शोधली? पहिला रूपभेद त्याने अवघ्या पाऊण मिनिटात संपवला. बत्तीस मापे, प्रत्येक मापात तीन मात्रा, म्हणजे एकूण शहाण्णव मात्रा. हिशोब केला तर मिनिटाला सुमारे १२८ मात्रा पडतात. १९८१ मध्ये याच भागाला त्याने सत्तर सेकंदांच्या आसपास वेळ घेतला. म्हणजे मिनिटाला ८० च्या थोड्या वर मात्रा. आरियाचा फरक याहूनही मोठा आहे. पहिल्या मुद्रणात ती दोन मिनिटांच्या आत आटोपते, मिनिटाला सुमारे ५० मात्रा. दुसऱ्यात ती तीन मिनिटांच्या थोडी पुढे जाते, मिनिटाला जेमतेम ३०. इतक्या संथपणात प्रत्येक स्वर दुसऱ्यापासून सुटा होतो आणि श्रोता पुढच्या स्वराची वाट पाहू लागतो.

येथे घड्याळाच्या बाबतीत एक सावधगिरी बाळगली पाहिजे. पावणेतेरा मिनिटांचा सारा फरक लयीचाच आहे, असे नाही. बाखने प्रत्येक भागाचे दोन अर्ध पुन्हा वाजवण्याची खूण केली आहे. १९५५ मध्ये गूल्डने एकही पुनरावृत्ती घेतली नाही. १९८१ मध्ये त्याने काही रूपभेदांचा पहिला अर्ध दोनदा वाजवला. म्हणजे मिनिटे वाढण्यास काही अंशी या पुनरावृत्त्याही कारण आहेत. वेष्टनावरचे आकडे पाहून ‘हा वादक संथ, तो जलद’ असा निवाडा देणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावे.

दोन मुद्रणांतील खरा भेद केवळ वेगाचा नव्हे, तो भागाभागांतील नात्याचा आहे. पुढे गूल्डला आपले पहिले मुद्रण तीस सुट्या तुकड्यांसारखे वाटू लागले होते. प्रत्येक तुकडा आपापल्या लहरीने धावणारा. दुसऱ्या वेळी त्याने साऱ्या रचनेखाली एकच नाडी धरली. एका रूपभेदाची मात्रा पुढच्यात निम्मी व्हावी, किंवा दुप्पट व्हावी, किंवा अशाच एखाद्या सोप्या प्रमाणात बदलावी, अशी योजना त्याने केली. आपल्याकडील तबलजीला हे समजावून सांगावे लागणार नाही. बरोबरीची लय, दीडपट, दुगुन, चौगुन ही आपली रोजची भाषा आहे. वेग बदलला तरी खालची लय हलत नाही, हे आपण ठेक्यावरून ओळखतो. गूल्डच्या दुसऱ्या मुद्रणात ठेका ऐकू येत नाही, पण तो आहे. त्यामुळे भाग बदलला तरी प्रवास तुटत नाही.

आता पंचविसाव्या रूपभेदाकडे येऊ. वांडा लांडोव्स्का या विदुषीने याला ‘काळा मोती’ असे म्हटले आहे. मायनरमधील हा शेवटचा आणि सर्वांत गहन भाग. येथे खर्जाची चाल षड्जापासून पंचमापर्यंत अर्ध्या अर्ध्या सुराने उतरते आणि वरची सुरावट कोमल स्वरांच्या इतक्या दूरच्या प्रदेशात जाते, की परतीची वाट हरवली असे क्षणभर वाटावे. १९७० नंतरच्या दशकात बाखच्या स्वतःच्या वापरातील छापील प्रत स्ट्रासबुर्ग येथे उजेडात आली. तीत या भागावर त्याने स्वहस्ते ‘अदाजिओ’, म्हणजे संथ, असा शब्द लिहिलेला आढळला. १९५५ मध्ये गूल्डपुढे ही प्रत नव्हती. तरीही त्याने हा भाग सर्वांत संथ वाजवला होता. एका मापाला सुमारे बारा सेकंद, म्हणजे एका मात्रेला चार सेकंद! आपल्या अतिविलंबित एकतालाचे एक आवर्तन पाऊण ते एक मिनिट घेते. तेथेही मात्रा चार-पाच सेकंदांचीच असते. किराणा घराण्याचा बडा ख्याल ऐकलेल्या कानाला ही लय ओळखीची वाटेल.

परंतु पियानोवर ही लय धरणे हे गळ्यावर धरण्यापेक्षा फार निराळे आहे. गायक श्वासाच्या बळावर स्वर टिकवतो, फुलवतो, मींडेने पुढच्या स्वरापर्यंत नेऊन पोचवतो. पियानोत हातोडी तारेवर आपटते आणि त्या क्षणापासून स्वर विझू लागतो. त्यानंतर वादकाला तो वाढवता येत नाही. म्हणून अतिसंथ लयीत पियानोवादकाची परीक्षा असते. मागचा स्वर जेथवर क्षीण झाला असेल, तेथेच पुढचा स्वर अलगद ठेवावा लागतो. तो किंचित जरी मोठा पडला तरी सुरावटीचा धागा तुटतो. लय, स्वर आणि भाव यांची सांगड येथे बोटांच्या वजनावर अवलंबून असते.

आणि आता एक आश्चर्य. दुसऱ्या मुद्रणात आरिया संथ झाली, पहिला रूपभेद संथ झाला. पण हा पंचविसावा भाग मात्र संथ झाला नाही. १९५५ मध्ये तो साडेसहा मिनिटांच्या जवळ होता. १९८१ मध्ये सहा मिनिटांच्या जरासाच पुढे. म्हणजे घड्याळाच्या मापाने तो काही सेकंदांनी जलदच झाला आहे! तरीही दोन्ही लागोपाठ ऐकल्यास दुसराच अधिक गंभीर वाटतो. संथ म्हणजे गंभीर, ही किल्ली येथे मोडून पडते. याचे कारण शोधू गेल्यास दोन गोष्टी हाती लागतात. पहिल्या मुद्रणात सभोवारचे भाग वाऱ्यासारखे धावतात; त्यांच्यामध्ये हा एकच भाग थबकतो आणि आपले दुःख उघड करून दाखवतो. मात्राही तेथे लवचीक आहे, ती क्वचित थांबते, क्वचित सुस्कारा टाकते. पुढे गूल्डला स्वतःलाच हे भावप्रदर्शन अति झाले असे वाटू लागले होते. दुसऱ्या मुद्रणात आरंभापासूनच चाल शांत आहे. त्यामुळे हा भाग इतरांपासून तुटून उभा राहत नाही. चालत चालत आपण त्याच्यापाशी पोचतो. मात्रा सम राहते आणि ती सम राहते म्हणूनच दुःखाला आवर घातला गेल्याचे जाणवते.

ध्वनिमुद्रिकेच्या संदर्भात लय आणि स्वरपट्टी यांचे आणखी एक नाते आहे. मैफलीत ते नसते. तबकडी ठरल्यापेक्षा जलद फिरवली तर केवळ लय वाढत नाही, स्वरही चढतो. शेकडा सहाने वेग वाढला तर पट्टी अर्ध्या सुराने वर जाते. गूल्डची पांढरी पाच मग काळी चार होऊन बसते. जुन्या ७८ फेऱ्यांच्या तबकड्यांवर आपल्या थोर गायकांचे गाणे तीन-साडेतीन मिनिटांत बंदिस्त झालेले आहे. ते ऐकताना यंत्राचा वेग बिनचूक आहे की नाही हे पाहणे म्हणूनच महत्त्वाचे ठरते, नाहीतर आपण त्या गायकाची पट्टीही चुकीची समजतो आणि लयही. या गोष्टीची कोठे काळजी घेतली गेली असेल, तर ती १९७७ साली अवकाशात गेलेल्या दोन व्हॉयेजर यानांवर. त्यांवरील सोनेरी तबकडीत पृथ्वीचे निवडक संगीत आहे. त्यात ग्लेन गूल्डने वाजवलेले बाखचे एक प्रिल्यूड आणि फ्यूग आहे आणि मूळच्या गोव्यातील केरी गावच्या केसरबाई केरकर यांची भैरवीही आहे. तबकडीच्या वेष्टनावर तिच्या एका फेरीला ३.६ सेकंद लागले पाहिजेत, हे खुणांनी कोरून ठेवले आहे. ऐकणारा कोण असेल हे कोणालाच ठाऊक नाही. पण त्याने वेग चुकवला तर केसरबाईंचा षड्जही चुकेल आणि बाखची लयही, हे तबकडी करणाऱ्यांनी जाणले होते.

येथे कोणी विचारील, पट्टी अर्ध्या सुराने चढली तर भाव बदलतो काय? बाखच्या काळातील स्वर सर्वत्र आजच्याइतके चढे नव्हते. आज जुन्या पद्धतीने वाजवणारे वादक सामान्यतः ए हा स्वर सेकंदाला ४१५ कंपनांचा धरतात, तर आजच्या पियानोवर तो ४४० कंपनांचा असतो. म्हणजे त्यांचा जी आजच्या पियानोवरील जीपेक्षा जवळजवळ अर्धा सूर खाली पडतो. तरी रचनेचा भाव नाहीसा होत नाही. आपल्याकडे तर स्त्री गायिका काळी पाचमध्ये आणि पुरुष काळी एकमध्ये तोच राग गातात. एखादी पट्टी आवाजाला चमक देते, दुसरी भारदस्तपणा देते, हे खरे. पण भावाचे मूळ स्वराच्या उंचीत नसून स्वरांच्या परस्परसंबंधात आहे. लयीलाही हेच लागू आहे. मिनिटाला किती मात्रा, याहून मागच्या आणि पुढच्या मात्रांशी तिचे नाते काय, हे महत्त्वाचे.

याचा शेवटचा पुरावा रचनेच्या अखेरीस मिळतो. तिसाव्या रूपभेदात बाख लोकगीतांच्या चाली एकत्र गुंफतो. त्यांतील एक तर कोबी आणि सलगमाच्या भाजीला कंटाळलेल्या माणसाची आहे! ही थट्टा ओसरते न ओसरते तोच आरिया परत येते. स्वरलिपीत एकही नवा स्वर नाही. पट्टी तीच. दोन्ही मुद्रणांत गूल्ड ती प्रथमच्यापेक्षा किंचित संथ वाजवतो. परंतु तेवढ्याने तिच्यातील पालटाचा उलगडा होत नाही. पहिल्यांदा ती ऐकताना पुढे काय येणार हे ठाऊक नसते. १९५५ च्या मुद्रणाच्या वेळी गूल्डने आरंभीच्या आरियाचे वीस प्रयत्न बाजूला सारले होते. पुढच्या साऱ्या प्रवासाची कल्पना आधीच देऊन टाकणार नाही, इतका तटस्थ आविष्कार त्याला हवा होता, असे त्याने नंतर लिहिले आहे. शेवटी मात्र तीच आरिया तीस रूपे पाहून परतलेली असते आणि तिच्या तळाचा प्रत्येक स्वर आपल्या परिचयाचा झालेला असतो. तेच स्वर आता निरोपाचे वाटतात. टोरांटो येथे गूल्डच्या समाधीशिलेवर याच आरियाच्या आरंभीचे स्वर कोरलेले आहेत.

तेव्हा, श्रोते हो, ही मुद्रणे ऐकण्याचा योग आला तर माझी एक सूचना आहे. प्रथम केवळ खालचा खर्ज ऐकावा. सा नि ध प, ग म प सा ही चाल कानात बसेपर्यंत वरच्या सुरावटीचा नाद सोडावा. मग पंधराव्या रूपभेदापाशी गंधार कोमल होतो तो क्षण टिपावा. पंचविसावा भाग दोन्ही मुद्रणांतून लागोपाठ ऐकावा, पण घड्याळ पाहू नये. आणि शेवटची आरिया सुरू झाली, की ती पहिलीच आहे की दुसरी, हे आपल्या मनाला विचारावे. एवढे केले तर वेष्टनावरचे इटालियन शब्द समजले नाहीत तरी फारसे बिघडणार नाही.